धोंड्याच्या महिन्यातली जोडसायकल

"अगं, पाय नुसते फिरवतेस की जोरही लावतेस?" मी मान न वळवता ओरडलो.

"लावतेय की! तुम्ही पुढं बघा. खड्डा आहे."

"खड्डा मला दिसतोय. जोर दिसत नाहीये."

वर्धनगडचा घाट निम्मा चढून झाला होता. भुरभुर पाऊस येऊन गेला होता, रस्ता ओला होता आणि आमच्या जोडसायकलीची साखळी प्रत्येक फेऱ्याला कण्हत होती. जोडसायकल म्हणजे एकाच सांगाड्यावर दोन सीटं, दोन हँडल आणि चार पायडलं. साताऱ्यातल्या एका वेल्डरकडून दोन जुन्या सायकली कापून आम्ही ती जोडून घेतली होती. पुढे मी आणि मागे माझी बायको वैजयंता. पुढच्याने रस्ता बघायचा, ब्रेक दाबायचे, गिअर बदलायचे आणि वर बोलणी खायची. मागच्याने फक्त पायडल मारायचं. तेवढंही ही मारत नाही, असा मला सकाळपासून संशय होता.

"मगाशी किन्हईच्या चढालाही तू असंच केलंस," मी म्हणालो.

"असंच म्हणजे कसं?"

"म्हणजे पोत्यासारखं बसून."

"पोतं बोलत नाही. बोलायचं काम तुम्ही करताय. श्वास वाचवा."

आमच्या साताऱ्याच्या सायकल क्लबची ती वार्षिक फेरी होती. सकाळी उजाडायला निघायचं, लिंबची बारामोटेची विहीर, किन्हईची टेकडी, वर्धनगडचा घाट, औंधच्या डोंगरावरचं संग्रहालय, असं करत रहिमतपूरवरून परत साताऱ्याला यायचं. प्रत्येक ठिकाणी क्लबचा माणूस टेबल टाकून बसलेला असे आणि कार्डावर शिक्का मारत असे. संध्याकाळी साडेसहाला शेवटचं टेबल उचललं जाई. त्याच्या आत पोचणाऱ्याला सायकलला लावायची एक पितळी घंटी मिळायची.

त्या घंटीपायी मी दोनदा नाक कापून घेतलं होतं. पहिल्या वर्षी किन्हईलाच साखळी तुटली. दुसऱ्या वर्षी औंधच्या चढावर दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि मी बटाट्याच्या पोत्यांवर बसून टेंपोतून परत आलो. तो टेंपो नेमका राजपथावर माझ्याच मेडिकल दुकानासमोर थांबला. तेव्हापासून कुणी पायदुखीचं मलम मागायला आला की विचारायचा, "शिल्लक आहे का, की सगळं तुम्हीच लावलंत?" वर्षभर मी हे ऐकून घेतलं होतं. ह्या वेळी फेरी पुरी करायचीच, नाहीतर सायकल विकून टाकायची, असं मी दुकानातल्या चार माणसांसमोर बोलून बसलो होतो.

आणि नेमक्या त्याच वर्षी वैजू क्लबच्या मार्ग-समितीवर गेली. तिने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, "आपण जोडीनं जाऊ, तुमचे पाय दमले तर माझे आहेत" असं गोड बोलून ही जोडसायकल माझ्या गळ्यात मारली. आणि दुसरी म्हणजे, मार्गात एक नवा थांबा घातला. ढोकरवाडी.

ढोकरवाडी म्हणजे माझी सासुरवाडी.

"तिथं बघायला काय आहे?" मी तेव्हाच विचारलं होतं.

"वीरगळ आहेत की पारापाशी. तीन. खाली लढाई कोरलीय, वर अप्सरा वीराला स्वर्गात नेतायत. इतिहास आहे तो."

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. त्या वीरगळांना गावाने म्हशी बांधलेल्या मी पाहिल्या होत्या, त्यांच्यावर विळ्यांना धार लावलेली पाहिली होती, पण इतिहास हा शब्द वैजूच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. त्यात तो अधिक महिना होता. भादव्याच्या आधीचा अधिक. तीन वर्षांतून एकदा हा धोंड्याचा महिना येतो आणि जावयाला नारायण मानून सासुरवाडीचे लोक जेवायला घालतात. पुरण भरलेले धोंडे, अनारसे, पाय धुणं, टॉवेल-टोपी, सगळं यथासांग. एरवी मला त्याचं वावडं नाही. पण ज्या दिवशी मला मिनिट-मिनिट हवं होतं, त्या दिवशी ते नको होतं.

"थांबायचं नाही हं तिथं," घाटमाथ्यावर पोचल्यावर मी दम घेत पुन्हा बजावलं. "शिक्का मारायचा आणि सुटायचं. आप्पांना सांगितलंयस ना?"

"सांगितलंय."

"आणि तात्यांना?"

तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

आप्पा म्हणजे माझे सासरे आणि तात्या त्यांचे थोरले भाऊ. दोघे सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. माझ्या मेहुण्याच्या, बापूच्या, लग्नात मानाचा पहिला फेटा थोरला म्हणून तात्यांना बांधायचा होता. ऐन वेळी साखर कारखान्याचे कुणी संचालक आले आणि गडबडीत आप्पांनी तो त्यांच्या डोक्याला बांधायला लावला. तात्या मांडवातून न जेवता उठले. आप्पा म्हणाले, एवढ्याशा गोष्टीला मी पाया पडू का? मग तात्यांनी रस्त्याच्या पलीकडे, आप्पांच्या अगदी समोर, स्लॅबचं नवं घर बांधलं आणि एकत्र घर सोडून काकूंना घेऊन तिकडे गेले. तात्या-काकूंना मूलबाळ नाही. वैजूला लहानपणी न्हाऊमाखू घातलं ते काकूंनी. पण सहा वर्षांत आम्ही माहेरी गेलो की काकू समोरच्या ओट्यावरून नुसत्या बघायच्या, आणि वैजू आप्पांच्या खिडकीतून.

हे सगळं मला माहीत होतं. मला फक्त त्या दिवशी त्यात पडायचं नव्हतं.

घाट उतरून डांबरी सोडली, घेवड्याच्या आणि आल्याच्या रानांतून जाणाऱ्या अरुंद रस्त्याने ढोकरवाडीत शिरलो. पाराभोवती निम्मं गाव जमलं होतं. डाव्या हाताला आप्पांच्या ओट्यावर पाट मांडलेला, भोवती रांगोळी, समई. उजव्या हाताला तात्यांच्या ओट्यावरही पाट मांडलेला, भोवती रांगोळी, समई. मधे सरकारी सडक, सडकेच्या कडेला मारुतीचा पार, पाराला टेकून ते तीन वीरगळ, आणि त्यांच्याशेजारी शिक्क्याचं टेबल. टेबलामागे क्लबचा स्वयंसेवक म्हणून कोण बसावं? आमचे बापूराव.

"आलासा दाजी! लवकर आला की. आमाला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काय न्हाय. पानी घ्या."

"पाणी नको. शिक्का मार."

"ताई कुठाय? जोडसायकलीच्या दोगांनीबी टेबलापाशी याचं, असा नियम हाय. तुमच्याच क्लबाचा."

मी मागे बघितलं. वैजूने सायकल पाराला टेकवली होती आणि ती वीरगळांसमोर उकिडवी बसून एका अप्सरेकडे बघत होती.

"वैजू! कार्ड घेऊन ये!"

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटं कशाला?"

"इतिहास बघतेय."

तेवढ्यात आमच्या मागून आलेले दोन सायकलवाले थांबले, शिक्का घेतला, वीरगळांकडे ढुंकूनही न बघता निघून गेले. एकजण तर जाता जाता मला म्हणाला, "या निवांत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आप्पा ओट्याच्या टोकाशी आले. "या की पावनं! पाट मांडलाय."

"आप्पा, पाया पडतो, पण आज थांबता येणार नाही. वेळ मोजलेली आहे."

"दोन घास खायला कितीसा येळ लागतुय?"

समोरच्या ओट्यावरून तात्यांचा आवाज आला. ते माझ्याशी बोलत नव्हते, आप्पांशी तर नाहीच. ते बापूशी बोलत होते. "बापू, पावन्यास्नी सांग, आदी थोरल्या घरचा मान आसतुय. आदी हितं, मग कुटं जायाचं तितं."

आप्पाही बापूलाच म्हणाले, "बापू, त्यास्नी इचार, जावई कुनाचा हाय? पोरगी मी दिलीया."

"बापू, त्यास्नी सांग, पोरगी वाडवली कुनी?"

बापू बिचारा शिक्का हातात धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मान फिरवत होता. मी तर साक्षात इकडे आड तिकडे विहीर असा मधोमध उभा. आणि उभा होतो तोही कशात? सायकलवाल्यांची ती गादी लावलेली तंग काळी चड्डी असते, तिच्यात. माझ्या सासूबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं आणि लगेच आभाळाकडे बघायला लागल्या. पलीकडे काकू परात घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी तेवढीही लाज धरली नाही. त्या डोळे बारीक करून माझ्या दिशेने बघत राहिल्या.

"वैजू, मी शेवटचं सांगतोय!"

"आलेच हं," ती म्हणाली आणि दुसऱ्या वीरगळाकडे सरकली.

आणखी एक सायकलवाला आला, शिक्का घेऊन गेला. दोन्ही ओट्यांवरून बापूमार्फत भांडण चालूच होतं. आता ते फेट्यापर्यंत पोचलं होतं. कारखान्याचा संचालक निघाला, मांडव निघाला, जेवणातली बुंदी निघाली. मग मात्र माझा तोल गेला.

"बास!" मी इतक्या जोरात ओरडलो की पारावरची कुत्री उठली. "मला कुणाच्याच घरी यायचं नाही! डाव्या नाही, उजव्या नाही! तुमचा पाट नको, धोंडा नको, टॉवेल नको! वर्षभर मी ह्या दिवसाची वाट बघितली, आणि तुम्ही दोघं म्हातारे फेट्यावरून... अरे, डोक्यावर केस तरी राहिलेत का तुमच्या?"

डोक्यावरचं हेल्मेट काढून मी पारावर आपटलं आणि शेजारी बसलो. मांडी घालून. "आता मी इथून उठतच नाही. मरू दे ती फेरी आणि मरू दे ती घंटी."

मग गर्दीतल्या एका म्हातारीने तोंडावर हात घेतला. "आगं बया! अदिकात जावई रुसला की गं!"

मी रुसलो नव्हतो. मला राग आला होता. दोन्हींत फरक आहे, पण ढोकरवाडीत तो कुणाला मान्य नव्हता. "रुसला, रुसला" म्हणत ती बातमी पाराभोवती फिरली आणि बघता बघता घराघरातून बायका बाहेर आल्या. एरवी जावई म्हणजे दहावा ग्रह, तो कधी वक्री होईल सांगता येत नाही, हे गावाला ठाऊक असतं. पण धोंड्याच्या महिन्यात तो वक्री होऊन उपाशी बसणं, तेही उघड्या सडकेवर, सगळ्या भावकीदेखत, म्हणजे आप्पा-तात्यांच्या, घाडग्यांच्या दोन्ही घरांची शोभाच.

"आता उटवा की कुनीतरी," म्हातारी म्हणाली. "थोरल्यानं समजूत घालायची आसती."

इथेच सगळं अडलं. थोरले तात्या, पण जावई आप्पांचा. तात्यांनी समजूत घालायची तर आप्पांच्या पाहुण्यापुढे वाकायचं. आप्पांनी घालायची तर थोरल्याला डावलायचं, म्हणजे पुन्हा फेट्याचंच झालं. दोघेही आपापल्या ओट्यावर खांबासारखे उभे. मी पारावर. मी नाटक करत नव्हतो, हे मी आजही शपथेवर सांगतो. मी खरोखर रडायच्या बेताला आलो होतो. औंध डोळ्यांसमोर होतं, रहिमतपूर डोळ्यांसमोर होतं, आणि मी सासुरवाडीच्या पारावर चड्डीत बसलो होतो.

काकू आधी हलल्या. ओट्याच्या पायऱ्या त्या एकेक चाचपत उतरल्या, परात कडेला धरून सडकेवर आल्या आणि ती माझ्या पायांपुढे ठेवली. रिकामी परात. मग दुसऱ्या बाजूने सासूबाई उतरल्या, त्यांनी परातीशेजारी तांब्या ठेवला. पाण्याने भरलेला, वाफ येत होती. दोघी एकमेकींकडे न बघता दोन पावलं मागे सरल्या.

पाय धुवायला दोन माणसं लागतात. एकाने पाणी ओतायचं, दुसऱ्याने धुवायचं. सगळं गाव बघत होतं आणि त्या परातीत पाणी कोण घालतंय ह्याची वाट बघत होतं.

तात्या आले. थोरलेपणाचा मान त्यांनाच जड झाला असावा. धोतर सावरून ते माझ्यापुढे उकिडवे बसले आणि माझा बूट ओढायला लागले. बुटाचा पट्टा त्यांना सुटेना. "ह्यो काय बूट म्हनायचा का मुसकं?" ते पुटपुटले. मी पुढे वाकून पट्टा सोडवला. मग आप्पा आले. तांब्या उचलला आणि नुसतेच उभे राहिले. तात्यांनी माझा पाय परातीत ठेवला. पाणी येईना.

मग तात्या, वर न बघताच, म्हणाले, "वत की पानी."

सहा वर्षांनी ते आप्पांशी बोलले, ते हे.

आप्पांनी ओतलं. नेम चुकून निम्मं सडकेवर गेलं. "बास?" त्यांनी विचारलं.

"बास कुटलं? आजून वत. लई चिखूल हाय."

आप्पांनी आणखी ओतलं. तात्यांनी माझ्या टाचा चोळल्या, बोटांच्या बेचक्यांतली माती काढली, आणि आप्पांनी खांद्यावरच्या उपरण्याने पाय पुसले. कुणी माफी मागितली नाही. फेट्याचं नावही निघालं नाही. मला मात्र ते बघून बरं वाटलं, आणि त्याचाही मला रागच आला, कारण मी अजून रागावलेलाच होतो.

काकू धोंडा घेऊन आल्या. गरम, वरून तूप. त्यांनी तो माझ्या तोंडाशी आणला आणि तो माझ्या गालाला लागला. मग दुसऱ्या हाताने त्यांनी माझी हनुवटी शोधली, तोंड कुठे आहे ते बोटांनी बघितलं, आणि घास घातला. "खा माज्या बाबा," त्या म्हणाल्या. "तापलाय काय? फुकून खा." त्यांच्या बुबुळांवर पांढरट साय आली होती. मी ती तेव्हा पहिल्यांदा इतक्या जवळून बघितली. पाठोपाठ सासूबाईंनी दुसरा धोंडा भरवला. मग दोघींनी माझ्या सायकलच्या शर्टाला मागे असलेल्या तिन्ही खिशांत अनारसे कोंबले. आप्पांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, तिच्यावर तात्यांनी स्वतःच्या हाताने हेल्मेट बसवलं.

तेव्हा कुठे वैजू उठली. टेबलाशी आली, कार्ड पुढे केलं, शिक्का मारून घेतला, काकूंच्या गळ्यात पडली, आईच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "चला, उशीर झाला."

"उशीर झाला? तू मला म्हणतेस उशीर झाला?"

"सायकलवर बसून ओरडा."

गाव मागे पडलं तसं मला काहीतरी वेगळंच जाणवायला लागलं. सायकल पळत होती. मी न ओढता पळत होती. मागून असा रेटा येत होता की माझे पाय पायडलांबरोबर आपोआप फिरत होते. बटाट्याची रानं, पवनचक्क्या, गुराखी, सगळं भराभर मागे जात होतं. औंधचा डोंगर समोर आला, चढ लागला, तरी तो रेटा कमी होईना.

"वैजू," मी म्हणालो, "सकाळपासून तू खरंच पाय नुसते फिरवत होतीस?"

"हो."

"का?"

"दहाच्या आत पोचलो असतो तर काकूचे धोंडे उकडून झाले नसते."

मी ब्रेक दाबला. सायकल चढावर मधेच थांबली, दोघांनी पाय टेकले.

"म्हणजे हे सगळं ठरलेलं होतं?"

"मागचा धोंड्याचा महिना आठवतो?" ती म्हणाली. "आप्पांकडं आपण जेवलो. पंगत उठली, पान-सुपारी झाली, आपण गाडीत बसलो. तुम्ही वळून बघितलं नाहीत. काकू समोरच्या ओट्यावर उभी होती. हातात ताट, त्याच्यावर रुमाल. आपण आलो तेव्हापासून गाडी सुटेपर्यंत. मी आरशात बघितलं, मग ती ताट घेऊन आत गेली."

"मग तू तेव्हाच का नाही गेलीस?"

"आप्पा म्हणाले होते, त्या उंबऱ्याला पाय लावलास तर ह्या उंबऱ्यावर येऊ नको. मी ऐकलं नसतं हो, पण मागं आईला सोसावं लागलं असतं. आणि तात्या? तिकडं आधी जेवून आलेला जावई त्यांनी दारात उभा केला नसता. कुणाच्याही घरात शिरलं की भांडण. म्हटलं, सडक सरकारची आहे." तिने हेल्मेटचा पट्टा सैल केला. "काकूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशनला ऐकत नाही. पुढच्या अधिकाला तिला माझा नवरा दिसणार आहे का, मला माहीत नाही. ती कुणाला धोंडे घालणार होती? तिला दुसरा जावई आहे का?"

ह्यावर मी आपला चिडलोच. "आणि जोडसायकल?"

"एकटे असता तर शिक्का मारून पसार झाला असता."

"आणि मला राग आला नसता तर? मी शहाण्यासारखा गप्प उभा राहिलो असतो तर?"

ह्यावर ती इतकी हसली की सायकल हलायला लागली. "पंधरा वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "मी कशाच्या भरवशावर आखलं असेल ते?"

"माझा तिसरा प्रयत्न होता, वैजू. तुला माहीत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवलंस. निदान सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही रुसायचं नाटक केलं असतंत. तुम्हाला नाटक येत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "माहीत होतं हो. म्हणून तर म्हणते, बसा आता. अजून जमेल."

आम्ही बसलो. त्या बाईने औंधचा डोंगर असा चढवला की वरच्या टेबलावरचा माणूस उठून उभा राहिला. शिक्का घेतला, पाणी प्यायलो, उतरलो. पण रहिमतपूरच्या रस्त्याला लागलो आणि पश्चिमेचा वारा समोर उभा राहिला. उतारावरसुद्धा पायडल मारावं लागत होतं. खिशातले अनारसे आम्ही दोघांनी मिळून संपवले. मी मनातल्या मनात एक भाषण तयार करत होतो. साताऱ्यात पोचल्यावर, शेवटच्या टेबलापाशी, घंटी मिळो न मिळो, ते मी तिला ऐकवणार होतो. त्यात पंधरा वर्षांचा सगळा हिशेब होता.

मिळाली नाहीच. आम्ही मैदानाच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा टेबल घडी घालून भिंतीला लावलेलं होतं आणि क्लबचे सचिव कुलथे घंट्यांचं खोकं गाडीच्या डिकीत ठेवत होते.

"थोडक्यात हुकलं हो!" कुलथे हळहळले. "आत्ता, आत्ता उचललं टेबल. पण नियम तो नियम. तुम्हाला दिली तर बाकीचे मला खातील."

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि कट्ट्यावर बसलो. पोटऱ्या थरथरत होत्या. हेल्मेटखाली अजून ती टोपी तशीच होती. उद्या दुकानात कोण कोण येऊन काय काय विचारेल, ते मला आत्ताच ऐकू यायला लागलं होतं. भाषण तोंडावर आलं होतं.

"आधी आईला फोन करते," वैजू म्हणाली. तिची बोटं आखडली होती, म्हणून तिने फोन कट्ट्यावर ठेवून स्पीकर लावला.

"पोचला का गं?" सासूबाईंचा आवाज आला.

"पोचलो, आई."

त्यांनी पुढे काही विचारायच्या आत त्यांच्या मागून दुसरा आवाज आला. लांबून, भांड्यांच्या आवाजातून. "आगं, साखरंचा डबा कुटं हाय? मला मेलीला काय दिसंना!"

काकूंचा आवाज होता. आप्पांच्या स्वयंपाकघरातून.

सासूबाईंनी फोनपासून तोंड वळवलं असावं, पण आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. "जाऊबाई, तुमी ठिवला हुता तितंच हाय. म्या हलिवलाच न्हाय."

मग डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज तेवढा आला.

"वैजू? आगं, बोल की. हायस न्हवं?" सासूबाई म्हणाल्या.

वैजूने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं आणि कुलथे लांबून काळजीने बघत होते. म्हणून फोन मी उचलला.

"मामी, मी बोलतोय," मी म्हणालो. "चहात आमचंही पाणी वाढवा. येतोय आम्ही. आणि सायकलीनं नाही, गाडीनं."